धडधाकट माणसाची नळी

आमची वहिनी प्रयोगशाळेत रक्त तपासते. नुसतं मोजत नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खरंच कामाच्या आहेत, की नुसत्या हजेरीला आल्यात, ते ती बघते. पेशींना डिवचणारं औषध घालायचं, उबदार पेटीत ठेवायचं आणि काही दिवसांनी बघायचं: वाढल्या, की ढिम्म बसल्या? रुग्णाच्या नळीशेजारी एका धडधाकट माणसाची नळीही लावावी लागते, नाहीतर दोष पेशींचा की औषधाचा हे कळणार कसं? ते धडधाकट माणूस म्हणजे वर्षानुवर्षं वहिनीच. "माझं रक्त म्हणजे आमच्याकडचं प्रमाण," असं ती जेवताना ऐकवायची. मी पडले नणंद, त्यामुळे तिचा तोरा मला जरा जास्तच दिसायचा.

यंदा तिला खोकला लागला तो जाईचना. "अगं, दाखव की कुणाला," मी म्हणायचे. "एसीची हवा आहे ती. तुम्ही नका डॉक्टर होऊ," असं म्हणून ती मला उडवून लावायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्याच सुमारास पहिलीतली एक मुलगी तपासणीला आली. कान फुटतोय, न्यूमोनिया होतोय, शाळा बुडतेय. तिच्या रक्तात अँटिबॉडी जवळजवळ नव्हत्याच. बाकीच्या पेशी धड असल्या तर अँटिबॉडी सलाईनमधून दर महिन्याला देता येतात, पोर शाळेत जाऊ शकते. त्याही निकामी असल्या तर कुणाची तरी अस्थिमज्जा मिळवून बसवायची, आणि त्यात जिवाची खात्री नाही. सगळं वहिनीच्या तपासणीवर अडलं होतं.

पेटी उघडली तर मुलीच्या पेशी मस्त वाढलेल्या आणि वहिनीच्या ढिम्म. असं कसं होईल? वहिनीने बरोबरच्या तंत्रज्ञाला फैलावर घेतलं. "नळ्यांची अदलाबदल केलीस तू! वाढलेल्या आहेत त्या माझ्या." तो बिचारा शपथा घेत राहिला. म्हणजे वहिनीच्या हिशेबी मुलीच्याच पेशी निकामी होत्या.

पण खात्री करायला पुन्हा रक्त हवं होतं. मुलीची आई रडकुंडीला आली.

"परत टोचायचं? अहो, तिच्या हातावर जागा तरी उरलीय का?"

"चूक आमच्याकडे झालीय, बाई," वहिनी म्हणाली. "आणखी एकदाच. सगळं मी स्वतः करते."

या वेळी नळ्यांवर नावं तिने घातली, पेशी तिने लावल्या, पेटीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पेटी उघडली, तर तेच. मुलीच्या पेशी वाढलेल्या, तिच्या स्वतःच्या ढिम्म.

तिने आधी मुलीच्या आईला फोन केला. "पेशी छान आहेत. नुसत्या सलाईनवर भागेल." मग तंत्रज्ञाची माफी मागितली आणि त्याच्याचपुढे हात धरला. "आता माझ्या अँटिबॉडी बघ."

त्याही तळाला गेलेल्या निघाल्या. घरी आल्यावर मी तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत प्रथमच. मला फार भीती वाटत होती.

तिच्यासाठी अस्थिमज्जेचा शोध सुरू झाला आणि ती मिळेपर्यंत दर महिन्याला सलाईन ठरलं. पहिल्या सलाईनला मी तिच्याबरोबर गेले. लांबट खोली, ओळीने खुर्च्या, आणि शेजारच्या खुर्चीत तीच मुलगी, पाय हलवत. नर्स सुई घेऊन आली तशी, इतक्या लोकांचं रक्त काढलेली आमची वहिनी हात मागे घेऊन बसली. मुलीने ते पाहिलं.

"दुखणार नाही असं सांगतील," ती म्हणाली, "पण दुखतं. तुम्ही माझा हात धरा. मी आईचा धरते तसा."

वहिनीने धरला. सुई गेली, सलाईन सुरू झालं, तरी तिने तो सोडला नाही.