कुऱ्हाड घरीच राहिली

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथे चढणीवर जीपचा आवाज आला की बायका आता "अंकिता आली" म्हणतात. जीप मुळात तिच्या सासऱ्यांची, हैबतींची. माणसं, तांदळाची पोती, कोंबड्या, कधी बाळंतीण, असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पोलादपूर ते वाडी नेलं-आणलं. पुढे गुडघे क्लच दाबू देईनात आणि जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. मुलगा भरत महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणारा. त्याला मोटारसायकलपलीकडे कशाची हौस नाही.

अंकिता बिरवाडीची. लग्न होऊन डोंगरात आल्यावर तिने दोन पावसाळे ती ताडपत्री बघितली आणि एक दिवस जेवण वाढताना म्हणाली, "आबा, मला जीप शिकवाल?"

हैबतींचा घास हातातच राहिला. "शिकून काय करशील गो?"

"तुम्ही करत होता तेच."

चुलीपुढून सासूबाई, ठकूबाई, बोलल्या, "शिकवा की. ताडपत्रीखाली उंदीर पाळण्यापरीस बरं."

भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरात ती शिकली. बांध चढायचा आणि उतरायचा, चिखलात चाक फिरायला लागलं तर घाबरून जोर द्यायचा नाही, छोटा गिअर कधी टाकायचा. शेजारी बसून हैबती ओरडायचे आणि घरी येऊन ठकूबाईंना सांगायचे, "पोरीचा हात हलका हाय." परवाना आला, वाडीची माणसं बसू लागली. मग वरच्या माळावर तंबू ठोकायला शहरातली माणसं यायला लागली. शेवटची वाट नुसते दगड आणि चर. त्यांच्या गाड्या खाली वाडीत राहत आणि सामानासकट त्यांना वर पोचवायचं काम अंकिताकडे आलं.

या मंडळींच्या बोलण्यातून तिला कळलं, की आडवाटेला जाणाऱ्या गाडीत कापायची हत्यारं हवीतच. वाटेत झाड पडतं, जाळी वाढते, शेकोटीला लाकूड लागतं. तिने मनावर घेतलं. घरची कुऱ्हाड जीपमध्ये गेली. महाडच्या बाजारातून घडीची करवत आली, शिवाय एक मोठी आणि एक छोटी सुरी. खूश होऊन एका पाहुण्याने दिलेला, काळ्या मुठीचा, पाठीला दाते असलेला लांबलचक सुराही आला. भरतने पाहिलं तेव्हा तो हसून म्हणाला, "लढाईला चाललीस काय?" सगळं एका लोखंडी पेटीत भरून तिने पेटी मागे ठेवली आणि तिला निर्धास्त वाटलं.

हैबती मात्र सोबत असले की कमरेच्या आकडीला आपला कोयता अडकवूनच जीपमध्ये बसत. पेटीकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही.

थंडीतल्या एका सकाळी माळावरून पाहुण्यांचं सामान घेऊन दोघं उतरत होती. पाहुणे मागून चालत येणार होते. दगडांची वाट संपून वाड्यांचा रस्ता लागतो, त्या वळणावर अंकिताने ब्रेक दाबला. एक पांढरी गाडी रस्त्याकडेच्या चरात डाव्या कुशीवर पडली होती. करवंदीच्या जाळीत अर्धी रुतली होती आणि आतून कोणीतरी हाका मारत होतं.

ते भागोजी होते. वरच्याच वाडीचे, पण नोकरी मुंबईत. पोरीचं लग्न ठरवायला एकटेच गाडी घेऊन आले होते. गाडी आडवी पडल्यामुळे ड्रायव्हरची बाजू वर आली होती आणि भागोजी पट्ट्यात लोंबकळत होते. पट्टा छातीत आणि मानेत रुतलेला, खटका काही केल्या सुटेना. चेहरा लालभडक झाला होता.

"बेल्ट काप... बेल्ट काप गो," एवढंच ते म्हणत होते.

अंकिता जीपकडे धावली. पेटी सामानाच्या तळाशी होती. वर तंबू, सतरंज्या, गॅसची शेगडी, भांडी. ती एकेक ओढून रस्त्यावर टाकू लागली. पेटीच्या कडीला हात पोचायच्या आत हैबतींचा आवाज आला, "सोड ते! इकडं ये!"

त्यांनी कोयत्याने करवंदी तोडून गाडीच्या मागच्या दारापर्यंत वाट केली होती. काय करायचं ते दोघांना एकदमच कळलं. अंकिता मागच्या दारातून आत शिरली, सीटांवरून सरपटत पुढे गेली आणि भागोजींच्या कमरेखाली तिने आपला खांदा दिला. पट्टा तुटला की माणूस खाली आदळू नये म्हणून. हैबती दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीवर चढले आणि वरच्या उघड्या खिडकीतून कोयता आत घातला. एवढं लांब, वाकडं पातं एवढ्या अरुंद जागेत आणि पट्ट्याला चिकटून माणसाचा गळा.

"हलू नका हां, पाव्हणं."

पट्टा तुटला. भागोजींचा सगळा भार अंकिताच्या खांद्यावर आला आणि तिने त्यांना हळूहळू खाली घेतलं. कोयत्याचं टोक त्यांच्या खांद्याला घासून गेलं होतं. सदरा फाटला, रक्ताची रेघ उमटली. तेवढ्यावर निभावलं. रस्त्याकडेला बसून पाणी पिताना भागोजी अचानक हसायला लागले. "माझी मंडळी म्हणत होती, एसटीने जा."

घरी आल्यावर हैबती ओट्यावर बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. "जरा थरथरला असता ना गो..." अंकिताला तिची पेटी डोळ्यांपुढे दिसत होती. हत्यारं सगळी होती, पण हाताशी एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी अंगणात पालथी केली.

"आबा, यातलं काय न्यायचं ते आज ठरवू. कापून बघू."

हैबतींना हे आवडलं. एक सुकलेला ओंडका दोन दगडांवर आडवा ठेवला आणि सासरा-सून कामाला लागली. कुऱ्हाड उचलून अंकिताने घाव घातला. एक बरोबर बसला, दुसरा ओंडक्यावरून निसटून तिच्या पायाजवळ मातीत रुतला. ठकूबाई दारातून ओरडल्या. "इथं सपाट अंगण हाय," हैबती म्हणाले, "उतारावर, दमल्यावर काय होईल? राहू दे ती घरी."

करवतीने सुरुवातीला छळलं. वरून कापत गेलं की अर्ध्यात ओंडका मधे वाकायचा आणि चीर मिटून पातं आत धरून ठेवायचा. ओढून ओढून अंकिताचा हात भरून आला. मग तिने वरून थोडंसं कापलं आणि बाकीचं खालून कापत आणलं. शेवटाला चीर मिटायच्याऐवजी उघडत गेली आणि ओंडका दोन तुकडे होऊन पडला. तिने "हां!" असा आवाज काढला तसे हैबतीही हसले. करवत ठेवायची ठरली.

काळ्या मुठीच्या सुऱ्याची पाळी आली. झुडपाला हलका, लाकडाला पातळ, कांद्याला मोठा. शेवटी ठकूबाई तो घेऊन गेल्या. पुढे फणसाच्या दिवसांत त्यांनी त्याला खोबरेल लावून असा फणस फोडला, की शेजारणी तो मागायला येऊ लागल्या.

कोयता तर हवाच होता. जाळी तोडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे तिने त्या सकाळी पाहिलंच होतं. पण हैबतींचा कोयता तिच्या मनगटाला जड. मग दोघं खाली जाऊन रावजी लोहाराला भेटली. रावजीने तिच्या हाताची पकड बघितली आणि आखूड पात्याचा, हलका कोयता घडवून दिला. त्याला भरतने टायरच्या जुन्या ट्यूबचं म्यान शिवलं. पट्टा कापायला तिने शहरातून एक छोटं आकडीसारखं हत्यार मागवलं. त्याचं पातं आतल्या बाजूला लपलेलं, पट्टा खाचेत अडकवून ओढला की तुटतो आणि अंगाला टोक लागत नाही. ते तिने स्टेअरिंगच्या उजवीकडे बांधलं, पट्ट्यात अडकून पडलं तरी हात पोचेल असं. करवत आणि कोयता सीटखाली गेले. छोटी सुरी स्वयंपाकाच्या पिशवीत, मोठी घरात. पेटीत ठकूबाईंनी पापड भरले.

वैशाखात भागोजींच्या मुलीचं, दिशाचं, लग्न निघालं. नवरी पोलादपूरला कार्यालयात न्यायची होती. "माझी पोरगी अंकिताच्याच गाडीतून जाणार," असं भागोजींनी सगळ्यांना बजावलं होतं. आदल्या संध्याकाळी वळवाचं वारं झालं. सकाळी जीप निघाली ती नवरी, करवली, दोन आत्या आणि पुढे हैबती अशी भरून. अर्ध्या उतारावर रस्त्यात ऐनाचं झाड आडवं पडलं होतं. बुंधा वरच्या दरडीवर, शेंडा खालच्या बांधावर आणि मधे रस्त्यावर कमान.

आत्या देवाचं नाव घ्यायला लागल्या. मागच्या टेम्पोतून वऱ्हाडी उतरले. कोणी म्हणालं दोर लावून ओढू, कोणी म्हणालं कुऱ्हाड आणा. अंकिताने पदर खोचला. कोयत्याने बारीक फांद्या उतरवल्या, त्या वऱ्हाड्यांनी ओढून बाजूला केल्या. मग तिने करवत उघडली, जिथे खोड मांडीएवढं होतं तिथे वरून थोडं कापलं आणि बाजूला वाकून खालून लावली.

"उलटं काय कापतेस?" एका आत्याने जीपमधून विचारलं.

"बघा तर."

हात दमला की ती थांबायची आणि भागोजी करवत घ्यायचे. नवी पांढरी टोपी, कपाळाला गंध आणि अंगावर भुसा. शेवटी खोड कडाडलं आणि शेंड्याकडचा भाग खाली बसला. दहा हात लागले आणि तो बांधापलीकडे गेला. एका वेळी एक गाडी जाईल एवढी वाट झाली. जीपमधून दिशाने टाळ्या वाजवल्या आणि बांगड्या एवढ्या खळाळल्या, की सगळेच हसले.

मुहूर्त गाठला. मंगलाष्टकांना अंकिता मागे उभी होती, केसांत भुसा तसाच. जेवायला बसल्यावर भागोजी स्वतः वाढायला आले आणि तिच्या पानात जिलेब्यांचा ढीग केला. "ही हैबतींची सून," ते पंगतीला सांगत होते. पलीकडे बसलेले हैबती मान न उचलता जेवत होते, पण कान इकडेच.

दुपार कलल्यावर दोघं परत निघाली. आजवर सुनेशेजारी बसले की हैबती पुढची दांडी घट्ट धरून बसायचे, प्रत्येक वळणावर उजवा पाय आपोआप दाबायचे. त्या दिवशी पहिल्याच चढाला अंकिताने पाहिलं, तर त्यांचे हात मांडीवर सैल पडले होते आणि मान एका बाजूला कलली होती. चांगलं घोरत होते. तिने गिअर अलगद बदलला आणि खड्डे चुकवत, सावकाश जीप वाडीकडे नेली.