लांब गोळी आणि न मागितलेली माफी

“मॅडम, सॉरी बोल दो, खलास. क्लायंट खुश, हम खुश,” आमचे मॅनेजर मॅथ्यू सर म्हणाले आणि टार्गेटचा कागद त्यांनी माझ्यापुढे आपटला.

कागदावरची भोकं गोल नव्हती. लांबट होती, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी. आमच्या कामात याला कीहोल म्हणतात. गोळी टोकाने जायची सोडून हवेत कलंडली आणि कागदावर आडवी आदळली, असा त्याचा अर्थ. काही गोळ्या तर कागदाला लागल्याच नव्हत्या.

दुबईबाहेरच्या वाळवंटात एक शूटिंग क्लब आहे. तिथे मी अ‍ॅम्युनिशन टेक्निशियन आहे. आधी महाराष्ट्रात एका दारूगोळा कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. इथे क्लबच्या परवान्याखाली हँडलोडिंग करते, म्हणजे एखाद्या रायफलला मानवेल असं काडतूस हाताने बनवते. पितळेचं केस, त्यात ठिणगी देणारा प्रायमर आणि मोजून घातलेली दारू, तोंडाशी गोळी. हे काडतूस अबू सैफ यांच्यासाठी होतं आणि कागद त्यांच्या जानेवारीतल्या त्या सकाळच्या सरावाचा. क्लबचे जुने इमिराती मेंबर. शनिवारी त्यांची मॅच होती आणि ते वडिलांच्या रायफलनेच खेळत.

“चूक माझी असेल तर मान खाली घालून सॉरी म्हणेन,” मी म्हटलं. “पण आधी चूक शोधू द्या.”

“सप्टेंबर में यही गोली टेस्ट किया ना? तब ठीक था. अब ठीक नहीं. मतलब आपका हाथ बिगड़ गया. सॉरी नहीं बोलना है तो लोडिंग बेंच बंद. हम रेडीमेड मँगाएगा.”

काडतुसं बनवायचा बेंच बंद म्हणजे माझी नोकरी बंद. नोकरीवर व्हिसा, आणि माझ्या व्हिसावर दहावीतल्या मुलीचा व्हिसा. दुबईत अल कुसैसच्या घरी मी तिला हे सांगितलं तर ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, “आई, जस्ट से सॉरी ना. इट्स ओन्ली अ वर्ड.”

शब्द माझा आहे, तो फुकट वाटायला नाही, असं म्हणून मी भाकऱ्या थापायला घेतल्या. त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी आधी स्वतःचंच काम तपासलं. उरलेली काडतुसं गेजवर फिरवून पाहिली. गोळी केसमध्ये तिरकी बसली असेल तर ती निघतानाच डुलते. सगळ्या सरळ होत्या. काही काडतुसं उघडून दारू तोलली. फरक नव्हता. माझ्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.

मग गोळीकडे वळले. मॅथ्यू सरांनी उन्हाळ्यात शिशाच्या गोळ्या बंद करून पूर्ण तांब्याच्या मागवल्या होत्या. रेंजवर शिशाची धूळ नको, हा विचार चांगलाच. पण ऑर्डर देताना त्यांनी फक्त वजन जुळवलं आणि मी तेव्हा रजेवर होते. तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन भरायचं तर गोळी लांब होणार. सप्टेंबरच्या टेस्टमध्ये अबू सैफ यांच्या रायफलचा नेम थोडा पसरला होता, तेव्हाच मी म्हटलं होतं की हे मला पटत नाही. “चलेगा,” हे त्यावरचं उत्तर.

रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितकी फिरकी जास्त लागते. पेच किती घट्ट आहे याला ट्विस्ट म्हणतात. म्हणजे आता मला अबू सैफ यांच्या नळीचा ट्विस्ट हवा होता, आणि तो कोणी कधी मोजलाच नव्हता. ते रायफल स्वतः साफ करत. क्लबमध्ये सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की त्यांच्या वडिलांच्या रायफलला हात लावू का, असं विचारायचंदेखील नाही.

“पूछना भी मत,” मॅथ्यू सर म्हणाले. “बुरा मान जाएगा.”

मी सरळ मजलिसमध्ये, म्हणजे मेंबरांच्या बैठकीच्या खोलीत गेले. अबू सैफ गहवा, म्हणजे अरबी कॉफी पीत बसले होते. मी म्हटलं, “सर, आपकी राइफल की नली नापनी है. आपके सामने नापूँगी.”

मागून आलेले मॅथ्यू सर दारातच थिजले. अबू सैफ यांनी कप खाली ठेवला.

“माय फादर चेक्ड एव्हरीथिंग,” ते म्हणाले. “इतने साल में पहली बार किसी ने पूछा. यल्ला, चलो.”

रायफलचा मागचा बोल्ट काढला, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि साफ करायच्या सळईला घट्ट कापड लावून ती आत सारली. कापड खाचांत बसतं, त्यामुळे सळई पुढे जाताना फिरते. तिचा एक पूर्ण फेरा व्हायला किती इंच लागतात ते मोजायचं. या नळीत बारा इंच लागले. क्लबच्या नव्या रायफलींमध्ये दहा. जुन्या आखूड गोळ्यांना बारा पुरत होतं, या लांब गोळ्यांना काठावर.

“तो सप्टेंबर में कैसे चला?” मॅथ्यू सरांनी विचारलं.

“सप्टेंबरच्या दुपारी इथली हवा तापून विरळ झालेली असते. जानेवारीत सकाळी गार आणि दाट. दाट हवेत गोळी सांभाळायला फिरकी जास्त लागते. तेव्हा कशीबशी निभावली, आता कलंडली.”

बोलून कोणी मानत नाही, म्हणून तिघंही रेंजवर गेलो. तांब्याची तीच काडतुसं, त्याच कॅलिबरच्या क्लबच्या रायफलमधून. भोकं गोल. मग मी जुन्या शिल्लक शिशाच्या गोळ्या घालून केलेली काडतुसं, वडिलांच्या रायफलमधून. भोकं गोल आणि एकमेकांना खेटून. दोन्ही काडतुसं माझ्याच हातची.

अबू सैफ यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि शांतपणे विचारलं, “नई गोली किसने ऑर्डर किया?”

मॅथ्यू सर वाकून वाळूतली रिकामी केसं गोळा करायला लागले. त्यांची कीव करावी असं मला क्षणभर वाटलं. मग टेबलावर आपटलेला तो कागद आठवला.

“मैंने नहीं किया,” मी म्हटलं.

शनिवारची मॅच अबू सैफ यांनी जुन्या गोळ्यांवर खेळली आणि पहिले आले. वजनाने हलक्या, आखूड तांब्याच्या गोळ्या मागवल्या गेल्या, या वेळी ऑर्डर मी दिली. बेंच चालू आहे. मॅथ्यू सरांनी सगळ्या स्टाफला मेल टाकला की टीमवर्कने प्रॉब्लेम सुटला. टीममध्ये कोण होतं ते लिहिलं नव्हतं, म्हणून मी रिप्लाय ऑल करून लिहिलं.

माल बदलण्याआधी तो वापरणाऱ्या माणसाला विचारावं, एवढाच काय तो धडा. सॉरी अजून कोणीच म्हटलेलं नाही. माझं मी म्हणणार नाही, आणि त्यांचं यायची मी वाट बघत नाही.