दसऱ्याचा झेंडू

कमी खर्चात हिमाचलातलं स्पितीचं खोरं बघायचं, असं आम्ही पाच मित्रांनी यवतच्या एका ढाब्यावर ठरवलं. सगळा बेत केंदूरच्या माझ्या कॉलेजातल्या मित्राचा. दौंडहून रेल्वेनं जायचं, पुढं सरकारी बस, मुक्कामाला तंबू आणि स्वयंपाक आपला आपण. पीठ कोणी घ्यायचं, स्टोव्ह कोणी, हेसुद्धा त्यानं वहीत लिहून आणलं होतं.

"ऑगस्टात निघू," तो म्हणाला. त्याचा कांदा असायचा, ऑगस्टात तो मोकळा.

मी लगेच आडवा आलो. आमच्या राहू गावात माझा झेंडू दसऱ्याच्या बाजारासाठी लावलेला. ऐन भरात रान सोडून कोण जाणार? "दसऱ्यानंतर बघू," मी म्हणालो. बाकीच्या तिघांचाही झेंडूच, त्यांनी माना डोलावल्या.

"तवा तिथं बर्फ पडतंय, रस्ता बंद हुतो," तो सांगत राहिला. दुसऱ्याचं ऐकून घेणं माझ्या स्वभावातच नाही. हा उगाच घाबरवतोय, असं मी चारचौघांत बोललोही.

दसऱ्यानंतर रस्ता खरंच बंद झाला, जाणं राहिलं. पुढची दोन वर्षंही तेच. दर वेळी तो वही घेऊन यायचा आणि दर वेळी मी तेच म्हणायचो. मग त्यानं विचारणं सोडलं.

यंदा मी झेंडू लावलाच नाही. जुलैत त्याला फोन केला, म्हटलं, ऑगस्टात निघू, दोघंच जाऊ.

"यंदा मी झेंडू लावलाय रं," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर बघू."

त्यानं टोमणा मारला असता, तर बरं वाटलं असतं.