सामानकाकांची गाठ

प्रत्येक घरात एक माणूस सामानाजवळ बसण्यासाठीच जन्माला आलेला असतो. आमच्याकडे तो मान माझ्या काकांचा. लग्न असो की प्रवास, “काका आहेत ना!” एवढं म्हटलं की बाकीचे हात हलवत मोकळे. लहानपणी आम्ही त्यांना सामानकाका म्हणायचो. मोठे झालो तरी ते नाव काही सुटलं नाही.

त्यांची सगळी नोकरी एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेली. कुलपावर त्यांचा कधी विश्वास नव्हता. त्यांची पद्धत वेगळी. सगळ्या बॅगांच्या पट्ट्यांतून एकच दोरी ओवायची आणि शेवटी एक गाठ मारायची. गोदामातले हमाल तिला जावईगाठ म्हणायचे, कारण एकदा बसली की हलायचं नाव नाही. ती सुटायची फक्त काकांच्या बोटांनी. “एक बॅग चोरायची तर सगळ्या चोराव्या लागतात,” काका सांगायचे, “आणि एवढे कष्ट करायची तयारी असलेला माणूस चोरी कशाला करेल?”

आता मुद्द्याचं. आमच्या घराण्याला एका जुन्यापुराण्या पवित्र शहराचं वेड. तिथल्या मोठ्या देवस्थानात आत एक दालन आहे आणि त्याचं छत म्हणे बघत राहावं असं रंगवलेलं. आम्ही सगळे तिथे अनेकदा जाऊन आलो. काकाही आले, पण दरवाजाबाहेरच्या ओट्यावर, आमच्या बॅगांसोबत. घरी आल्यावर छतावर काय आहे यावरून जुंपायची. काकू म्हणायची मासे, आत्या म्हणायची पक्षी, आणि दोघीही शपथेवर. एकदा काका मध्येच म्हणाले, “मला वाटतं...” तेवढ्यात काकूने त्यांना तोडलं. “तुम्ही कुठे पाहिलंय?”

ते काकांना लागलं.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, “मी तिथे जाणार. एकटा.” माझी कॉलेजातली निळी पाठपिशवी त्यांनी मागून घेतली आणि पाठीला लावून आरशासमोर उभे राहिले. मागून बघितलं तर शाळेत निघालेला मुलगा, पुढून बघितलं तर त्याचे मुख्याध्यापक. काकू हसू दाबत म्हणाली, “एकटे जाताय खरे, पण सामानाजवळ कोण बसणार?”

शहरात पोचल्यावर त्यांनी लॉजमध्ये खोली घेतली. दाराचं कुलूप बघितलं, खिशातली सेफ्टी पिन काढली आणि कुलूप उघडून दाखवलं. मॅनेजर म्हणाला, “अहो काका, आजवर इथं काही गेलेलं नाही.” काका म्हणाले, “मी आजच आलोय.” मग पिशवी पाठीवर घेऊनच ते शहर बघायला बाहेर पडले.

पण कपाळावर लिहिलेलं पुसतं थोडंच? अरुंद गल्लीत ते एका दुकानापुढे सावलीला उभे राहिले, तर दुकानदार म्हणाला, “दोन मिनिटं लक्ष द्या हो, आलोच.” आला तो अर्ध्या तासाने, तोवर काकांनी एक झाडू विकलाही होता. पुढे एका बाईने त्यांच्या हाती सायकल दिली आणि ती जिना चढून गेली. काकांचा चेहराच तसा आहे. बघितलं की माणसाला हातातलं ओझं खाली ठेवावंसं वाटतं.

देवस्थानाच्या दरवाजाशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तिथे फळा लावलेला. छताच्या डागडुजीसाठी दालन उद्यापासून बंद, पुन्हा कधी उघडणार ते नंतर कळवू. पावलं उचलून काका आत शिरायला गेले, तर पहारेकऱ्याने अडवलं. “पिशवी बाहेर.”

बाजूला सामानघर होतं. काकांनी आत डोकावलं. तिथला माणूस डुलक्या घेत होता, आणि दोन वेगवेगळ्या बॅगांना एकाच आकड्याचे बिल्ले लटकत होते. हे बघितल्यावर स्टोअरकीपर आपली पिशवी तिथे कशी ठेवणार? जीव गेला असता तरी ठेवली नसती. ते मुकाट्याने ओट्यावर जाऊन बसले. तोच जुना ओटा, तीच जागा.

शेजारी साधारण त्यांच्याच वयाच्या एक ताई बसल्या होत्या, बॅगांच्या ढिगात.

“घरचे आत गेलेत?” काकांनी विचारलं.

“मुलगा, सून, नातवंडं. मला म्हणाले, आई, तुझे गुडघे दुखतात, तू बस.”

“फार दुखतात का?”

“मुळीच नाही. त्यांचं त्यांनीच ठरवलंय.”

काकांना जन्माची बहीण भेटल्यासारखं झालं. गप्पा रंगल्या. दोघांना असं बसलेलं पाहून एक नवं जोडपं आलं, “काका, जरा बघाल?” म्हणत कपाटाएवढी बॅग ठेवून गेलं. मग चार मित्र आले, त्यांनी तर विचारलंही नाही. काकांच्या हाताला सवय. बोलता बोलता त्यांनी खिशातली दोरी काढली, सगळ्या पट्ट्यांतून ओवली, आपली पिशवीही तिच्यात घेतली आणि जावईगाठ मारून टाकली.

ताई म्हणाल्या, “भाऊ, दालन बंद व्हायची वेळ होतेय. तुम्ही जाऊन या. मी बसते.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय, मला सवय आहे.”

काकांना हे आवडलं नाही, पण पाय केव्हाच दरवाजाकडे वळले होते. रांगेतून सरकत सरकत ते एकदाचे दालनात पोचले. त्यांनी मान वर केली. वर नुसता निळा-सोनेरी गाळ! लांबचं बघायचा चष्मा पिशवीत राहिला होता, आणि पिशवी गाठीत.

काका तिथेच कपाळाला हात लावून उभे राहिले. एवढ्यात मागून आवाज आला, “दिसलं का काही?”

ताई होत्या.

“अहो, सामान?” काका ओरडलेच.

“गाठ तुमचीच आहे ना? मग कोण नेतंय?”

इतकी वर्षं काका ती गाठ मारत होते आणि मारून झाल्यावर तिची राखण करत बसत होते.

ताईंनी आपला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो नाकावर ठेवला तोच बाहेरचा भोंगा कडाडला. “ज्या गृहस्थांनी सामानाला गाठ मारली आहे, त्यांनी ताबडतोब बाहेर येऊन ती सोडावी. मंडळींची गाडी सुटते आहे.” कापायचीही सोय नव्हती, कारण पहारेकरी नेलकटरसुद्धा ओट्यापर्यंत येऊ देत नाही. भोंगा पुन्हा ओरडला. “सामानाजवळच्या आजींनीही यावं.”

उभ्या जन्मात काकांनी सामानाची हाक टाळली नव्हती. त्यांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी वर छताकडे बघितलं.

“आपल्याला जरा कमीच ऐकू येतं, नाही का भाऊ?”

“अजिबातच येत नाही,” काका म्हणाले.

मग दोघांनी एकच चष्मा आळीपाळीने लावून अख्खं छत बघितलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पहारेकऱ्याने दिवे मालवायला घेतले तेव्हाच बाहेर पडले.

ओट्यावर मंडळी बसली होती. नवं जोडपं रुसून एकमेकांकडे पाठ करून, चार मित्र दोरीला दातांनी झोंबून थकलेले, ताईंची सून मांडीवर पेंगणाऱ्या पोराला घेऊन. प्रत्येकाचा एक हात आपापल्या बॅगेवर. ताईंचा मुलगा उसळून म्हणाला, “आई! सामान सोडून गेलीस?”

“सोडून कुठे? बांधून गेले,” ताई म्हणाल्या.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकू होती.

“पाहिलंत एकदाचं? मासेच आहेत ना?”

“पक्षी आहेत,” काका म्हणाले. “आणि प्रत्येकाच्या चोचीत मासा आहे. तुम्ही कुणी नीट वर बघितलंच नाहीत.”

“बरं बाई, नसेल बघितलं.” काकूचा आवाज जरा मऊ झाला. “पण मग सामानाजवळ कोण बसलं होतं?”

काकांनी ओट्यावरून नजर फिरवली.

“सगळे,” ते म्हणाले, आणि फोन खिशात टाकून गाठ सोडायला वाकले.