भरतीला दोघं

कोमल माझी सून. माहेर उरणच्या कोळीवाड्यातलं. बीएड झाल्यावर ती तिथल्याच एका खासगी शाळेत तासावर भूगोल शिकवायला लागली, आणि लग्नानंतरही तिथेच राहिली. माझा मुलगा प्रणित गणिताचा मास्तर, पण नोकरी मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत. दोघांचा संसार सुट्टीपुरता.

नवीन पनवेलच्या एका कॉलेजात खासगी शाळांचा शिक्षक भरती मेळावा होता. दोघांनी ठरवलं, एकाच शाळेत दोघांना घेतलं तरच जायचं. एकट्याची नोकरी घ्यायची नाही.

निघताना सोनाबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, डबा हातात देत म्हटलं, "भरतीला चालले? आज तर भांग हाय. पानी काय चढनार नाय."

भांग म्हणजे समुद्राला जोर नसलेले दिवस. कोमल हसली. प्रणितला हसू आलं नाही.

मी गेलो रांगेसाठी. प्रत्येक शाळेचं टेबल वेगळं, रांग वेगळी. दोघं एका टेबलावर बोलत असताना पुढच्या रांगेत मी उभा राहायचो. न्हावा शेव्याला जहाजावरचे कंटेनर लोखंडी दांड्यांनी आवळायचं काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. उभं राहण्याचं मला काही वाटत नाही.

बहुतेक टेबलांवर एकच उत्तर. गणिताला या, भूगोलाला माणूस आहे. उलव्याच्या एका नव्या शाळेला मात्र दोन्ही विषयांना शिक्षक हवे होते. मुख्याध्यापिका वसुंधरा मॅडम. त्या म्हणाल्या, आधी पाठ घेऊन दाखवा. वरच्या मजल्यावर एक वर्ग होता. विद्यार्थी नव्हते, म्हणून बाकांवर आम्हालाच बसवलं.

कोमलचा पाठ पाचवीचा, भरती-ओहोटी. तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, भरती. त्याखाली लिहिलं, सुकती.

आमच्याकडे ओहोटीला सुकतीच म्हणतात. तिच्या हातून घरातला शब्द उतरला.

"ओहोटी!" मागच्या बाकावरून प्रणित ओरडला.

कोमलने शब्द पुसला. तिथून पाठ ढिला पडला. प्रत्येक वाक्य झालं की ती प्रणितकडे बघायची, तो मान हलवायचा, मग ती पुढे जायची. चंद्राशी जरा अडखळली, तर त्याने तेही सांगितलं.

मॅडम वळून म्हणाल्या, "सर, तास कुणाचा आहे?"

मग प्रणितने अपूर्णांक शिकवले. चांगले शिकवले. तयारी केली होती.

बाहेर आल्यावर मॅडमनी सरळ सांगितलं, "सर, तुम्हाला घेते. यांचं जमणार नाही."

"मॅडम, तो शब्द चुकून..." प्रणित म्हणाला.

"शब्दाचं काही नाही हो. उद्या मुलांनी प्रश्न विचारला तर या कुणाकडे बघणार?"

"आम्ही दोघं मिळून..."

"तू गप," कोमल म्हणाली. "मॅडम, मला परत एकदा घेऊ द्या. याला खाली पाठवते."

"रांग बघताय ना?"

"सगळ्यांच्या शेवटी घ्या."

"थांबाल?"

"थांबेन."

मॅडम आत गेल्या. प्रणित जिन्यातच सुरू झाला, "हे बघ, आधी चंद्र घे, मग..."

"बाबा, याला वडापाव खायला न्या," कोमल मला म्हणाली. "आणि मी येईपर्यंत सोडू नका."

नेला. गाडीवर तो फाटकाकडे तोंड करून उभा. वडा हातातच.

"मी मदत करत होतो," तो म्हणाला.

"तिने मागितली होती?"

एका दांड्याला दोघांनी हात घातला की तो आवळला जात नाही, नुसते हिसके बसतात. हे त्याला लहानपणापासून ऐकवलंय. तेव्हा परत बोललो नाही.

ऊन कललं तेव्हा कोमल खाली आली. हाताला खडू तसाच.

"घेतलं," ती म्हणाली. "पण दिवाळीपर्यंत. काम बघतील, मग पक्कं करतील."

"हे काय? मला पक्कं आणि तुला कच्चं? थांब, मी मॅडमशी बोलतो."

तिने त्याच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा धरला. "वर गेलास तर आहे तेही जाईल."

"पण आपलं काय ठरलं होतं?"

"दोघांना घेतलं तर जायचं. घेतलंय दोघांना."

"आणि दिवाळीनंतर काढलं तर? उरणची शाळाही हातची जाईल."

"मग दुसरी शोधीन. उलव्यात राहून शोधीन. तुझ्या सुट्टीची वाट बघत नाय बसनार आता."

प्रणितने पट्टा सोडवून घेतला नाही. विचारलं, "दुसऱ्यांदा कसा घेतलास पाठ?"

"बरा घेतला."

"म्हणजे काय काय सांगितलंस?"

"तुला कशाला? वडा खा, गार झाला."

त्याने खाल्ला. खोली आजच बघून येऊ, असं कोमलच म्हणाली. दोघं उलव्याच्या बसकडे निघाली. मी इतकंच सांगितलं, पाणी रोज येतं का ते मालकाला विचारू नका, शेजाऱ्यांना विचारा.