आबांच्या ओळीतली मोकळी जागा

शाळा आठवीतच सुटली. नव्वदीच्या मधल्या वर्षांत पिंपळनेरहून फैजपूरला आलो, तेव्हा केळीच्या एका व्यापाऱ्याकडे काट्यावर घड उचलायचं काम मिळालं. त्यांना सगळे आबा म्हणत. 'आहे'ऐवजी माझ्या तोंडचं अहिराणी 'शे' ऐकून काट्यावरची माणसं हसायची; आबा कधी हसले नाहीत. कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यांनी मलाच शिकायला बसवलं. खोली त्यांची, दोन वेळचं जेवणही त्यांच्याच घरी.

मशीन एकच, पडदे तीन. सगळे प्रोग्राम एका फाइलीतून सुरू व्हायचे. एखादा बंद पडला की मशीनच त्याला पुन्हा उभं करायचं. कुणी किती मेमरी घ्यायची, ती मर्यादाही तिथंच, ज्याच्या त्याच्या ओळीत लिहायची. काट्याच्या पावतीला मी लिहिली, मजुरीला लिहिली. आबांचा एक खास प्रोग्राम होता, दिल्लीकडचे जुने भाव जुळवून बघायचा. तिथं हात थांबला. ज्यांचं मीठ खातो त्यांना 'एवढंच घ्या' कसं म्हणायचं? जागा मोकळी सोडली, म्हणजे हवी तेवढी घ्या.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आबांनी सगळ्या वर्षांचे भाव एकदम मागितले. त्यांच्या प्रोग्रामनं मेमरी गिळली. पावतीचा प्रोग्राम उभा राहायचा, पडायचा. बाहेर एका शेतकऱ्याचा ट्रक भरून उभा, पावतीशिवाय हलता येईना. हातानं लिहायच्या पावत्या आबांनी केव्हाच बंद केल्या होत्या, आणि कापलेली केळी उन्हात तापली की वाटेतच पिकायला लागते.

"काय रे भो," शेतकरी खिडकीतून ओरडला, "मशीनले न्याहारी नाही दिली का आज?"

हमाल हसले. आबांचा प्रोग्राम बंद करायचा, एवढंच करायचं होतं. ते मला येत होतं. तरी मी त्यांच्या दाराशी जाऊन नुसता उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनीच वर पाहिलं, विचारलं, आणि ऐकताक्षणी बंद केला.

पावती निघाली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. शेतकऱ्यानं वरची पानं सारून घडाला हात लावला. आबा त्याच्यापुढे गेले. "नाना, चूक आमची. रस्त्यात माल पिकला तर नुकसान माझं." माझ्याकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही. माझी मान वर होईना.

दुपारी जेवताना अक्का, आबांच्या पत्नी, भाकरी वाढायला आल्या. मी ताटावर हात आडवा धरला.

आबा बघत होते. "सोताच्या ताटावर हात धरता येते तुले. माझ्या नाही?"

"जेवू द्या की त्याले," अक्का म्हणाल्या, आणि माझा हात सारून अर्धी भाकरी वाढलीच.

ती संपवली. परत येऊन फाइल उघडली, आबांच्या ओळीत आकडा लिहिला. फार कमी वाटला, म्हणून वाढवला. आबा मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नव्हतं.

"कमी कर," ते म्हणाले.