चांद पाहिलेल्या माणसाविरुद्ध

चिंचवडच्या मशिदीच्या आमच्या जमातीत पहिला बी.ए. मी. हे मी आजही छाती काढून सांगतो, कारण ते मला कुणी फुकट दिलेलं नाही. वडील बैलांना नाल ठोकायचे. सकाळी त्यांच्याबरोबर बैल पाडायचा, त्याचे पाय दोरानं बांधायचे, काम उरकलं की हातपाय धुऊन पुण्याची गाडी धरायची. वर्गात शेजारचा मुलगा बैलांच्या वासानं नाक मुरडायचा, तरी मी जागा बदलली नाही. पास झालो आणि पिंपरीला नव्या निघालेल्या एका कारखान्यात हजेरी क्लार्क लागलो. त्या दिवसापासून जमातीत माझं नाव जवळजवळ पुसलंच गेलं. ‘बीए’ हेच नाव. “ए बीए, हा कागद वाच.” “बीएला विचारा, त्याला इंग्रजी कळतं, त्याला सगळं कळतं.” त्यात चेष्टा असायची, पण मला ती गोड लागायची. मीही मग सगळं कळत असल्यासारखाच वागू लागलो. पुण्याहून दिनी मसल्यांची, म्हणजे धर्माच्या नियमांची उर्दू पुस्तकं आणून वाचायचो आणि वडिलांच्या वयाच्या माणसांना नमाजआधी हातपाय धुताना, वजूमध्ये, कोपर कोरडं राहिलं म्हणून टोकायचो.

त्या वर्षांत रमजान भर उन्हाळ्यात यायचा. मे महिना, वळवाचे ढग, आणि त्यात चांद शोधायचा. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मशिदीच्या अंगणात आम्ही सगळे मगरिबच्या नमाजनंतर माना वर करून उभे होतो. पश्चिमेला नुसता काळा गच्च ढग. चांद दिसला तर उद्या रोजा, नाही दिसला तर परवा. नमाज पढवणारे आमचे पेशइमाम मराठवाड्यातून आलेले, तरुण, शांत स्वभावाचे, येऊन दोन-तीन महिनेच झाले होते. ते उर्दूत बोलायचे, मी इथं मराठीत लिहितो.

पानतंबाखूचं दुकान चालवणारे एक म्हातारबुवा होते, त्यांनी मान चोळत म्हटलं, “ह्या ढगात चांद काय, हत्ती बसला तरी दिसायचा न्हाई. चला, उद्या पोटभर जेवून घेऊ.”

लोक हसले. तेवढ्यात दारात ट्रक थांबला आणि ड्रायव्हर चाचा आत आला.

हा चाचा म्हणजे चाकणच्या बाजारातला कांदा-बटाटा मुंबईला पोचवणारा. थोराड, आवाज मोठा, अंगावर कायम डिझेलचा वास. पुष्कळ वर्षं त्यानं मशिदीची पायरी चढली नव्हती. कुणी म्हणायचं हातभट्टी घेतो, कुणी म्हणायचं मुंबईला दुसरं घर आहे. खरं काय, कुणी बघायला गेलं नव्हतं. पण त्या हिवाळ्यात त्याची बायको वारली आणि तिच्या मातीला सगळी जमात आली. खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. त्यानंतर तो जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजला यायला लागला. सगळ्यात मागच्या ओळीत, चपलांच्या जवळ उभा राहायचा, शेवटचा सलाम फिरून नमाज संपली की उठून जायचा. वडील घरी म्हणाले होते, “येतोय बिचारा. कुनी त्येला काय इचारू नका. टिकू दे त्येला.”

त्या संध्याकाळी मात्र तो थेट पुढं आला. टोपी नव्हती, डोक्याला रुमाल बांधला होता.

“मौलवीसाब, चांद झाला. म्या बगितला.”

“कुठं?” पेशइमामांनी विचारलं.

“चाकणवरनं येताना. मोशीच्या नदीवर. ढग फाटला बगा जरा, आन् खालच्या अंगाला हा असा, नखाएवढा. म्या गाडी बाजूला घेतली, तवर झाकला.”

“बरोबर कुणी होतं?”

“न्हाई. एकलाच व्हतो.”

कुजबूज करत सगळे अंगणातल्या फरशीवर बसले. पेशइमामांनी समजावून सांगितलं, की आभाळ ढगाळ असेल तर रमजानच्या चांदाला एका माणसाची साक्ष पुरते. फक्त साक्ष देणारा उघडपणे दीनचे, धर्माचे नियम मोडणारा नसावा. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “मी ह्यांना ओळखत नाही. ज्याचं मला काही ठाऊक नाही, त्याला मी वाईट समजणार नाही. कुणाला काही म्हणायचं आहे?”

 पानवाले म्हातारबुवा खाली बघत फरशीवरची माती बोटानं सारत होते. वडील डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, ह्यांना मसला ठाऊक नाही म्हणून गप्प आहेत. मला ठाऊक होता. मी उभा राहिलो.

“मौलवीसाब, ह्यांची साक्ष धरता येणार नाही. हे रोजे धरत नाहीत. मागच्या रमजानात लोणावळ्याला, भर दुपारी, हॉटेलच्या बाकड्यावर बसून भजी खाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत ते नमाजलाही येत नव्हते.”

स्पष्ट बोललो. स्वच्छ बोललो. खोटा एक शब्द नव्हता. बोलताना माझा आवाज किती छान लागला होता, तेही मला कळत होतं.

पेशइमामांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग चाचाकडे वळून म्हणाले, “हे खरं आहे?”

चाचा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. अनोळखी गावात रस्ता चुकल्यावर माणूस पाटीकडे बघतो तसा. “खाल्ली की भजी,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू.”

आता पेशइमामांना मार्गच उरला नाही. ते म्हणाले, “मग जमातीवर उद्याचा रोजा लागू होत नाही. पण भाई, तुम्ही चांद पाहिला असेल, तर तुमच्यावर लागू आहे. तुमचा तुम्ही धरा.”

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “इथं तीस धरायची बोंब, ह्याला वरनं एकतिसावा!” आणि लोक फुटले. मीही हसलो. चाचानं रुमाल काढून तोंड पुसलं, “बरं,” म्हणाला आणि गेला. ट्रक लवकर सुरू होईना. हँडल मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि आम्ही आत तो ऐकत बसलो.

निघताना पेशइमामांनी मला बाजूला घेतलं. “हे ड्रायव्हर आहेत ना? लोणावळ्यात दिसले तेव्हा मुंबईच्या खेपेवर असतील?”

“असतील.”

“मुसाफिराला, प्रवासात असलेल्याला, रोजाची सवलत आहे. तुम्ही वाचलेलं असेलच.”

वाचलेलं होतं. पानाची कुठली बाजू तेही आठवत होतं. भजी खाणारा चाचा पाहिला तेव्हा मात्र ते आठवलं नव्हतं, आणि आज उभा राहिलो तेव्हाही नाही. मी म्हणालो, “पण मौलवीसाब, नमाजचं तरी...” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कंदील उचलून आत गेले.

वाटभर वडील माझ्या पुढं चालत होते. घराच्या उंबऱ्यावर थांबले. “भजी आमीबी बगितली व्हती,” ते म्हणाले. “नुसती भजीच न्हाई, आनखी लई काय बगितलं. सगळ्यांनीच. तुला एकट्यालाच तोंड दिलंय अल्लानं असं वाटलं व्हय?”

“विचारलं म्हणून सांगितलं मी, अब्बा.”

“इचारलं व्हतं सगळ्यांना.”

एवढंच. जेवायला बसलो तरी ते माझ्याकडे बघेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत रस्त्याकडेच्या हॉटेलात चहाला गेलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चाचाचा ट्रक तिथंच उभा, कांद्यानं भरलेला, आणि तो सावलीत चाकाला टेकून बसलेला. हॉटेलवाला मराठा माणूस, बोलका. त्यानं चाचापुढं नेहमीसारखा चहाचा ग्लास ठेवला. चाचानं तो परत केला.

“का वं? चहात माशी पडली काय?”

“उपास हाय.”

“उपास? आज कुठला देव काढला?”

“रोजा हाय, राव. रमजान लागला.”

हॉटेलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात अर्धा प्यालेला ग्लास होता. “आन् हे साहेब? हे न्हाईत व्हय तुमच्यातले?”

“त्येंचा उद्यापासनं,” चाचा म्हणाला. “माझा आजपासनं.”

हॉटेलवाला मोठ्यानं हसला. “तुमच्यात बी आमच्यासारखंच का? एका घरात एकादशी आज, दुसऱ्यात उद्या!”

चाचाही हसला. ओठ सुकून पांढरे पडले होते, हसताना खालचा ओठ चिरला. तो घाट उतरून मुंबईला निघाला होता. सवलत आजही होती त्याला. त्यानं ती घेतली नव्हती. का घेतली नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःलाच विचारतो. ईमान म्हणून, की आमच्यावरचा राग म्हणून, की आम्ही हसलो ते मनाला लागलं म्हणून? मला ठरवता येत नाही. ठरवू लागलो की लक्षात येतं, मी पुन्हा त्याच जागी उभा राहतोय.

मी ग्लास ठेवला.  त्याच्याजवळ गेलो, उकिडवा बसलो.

“चाचा, मी आजच मौलवीसाबना सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो.”

“काय सांगतो?”

“तुम्ही रोजा धरलाय म्हणून. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून.”

त्यानं डोळे बारीक केले. “तू रोजा बगितलास? म्या चहा घेतला न्हाई तेवढं बगितलंस. पोट बिघडलं असंल माझं.”

“तसं नाही चाचा...”

“आता ह्याचीबी साक्ष देणार का, बीए? नको, बाबा. भज्याची दिलीस तेवढी पुरे.”

तो उठला, पाठीची धूळ झाडली. मुंबईच्या खेपेला बरोबर घेतलेल्या क्लीनरला हाक मारली आणि ट्रक निघून गेला. मी तिथंच बसून राहिलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, “साहेब, दुसरा देऊ का?”

मी मशिदीत काही सांगितलं नाही. त्यानं नको म्हटलं म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणायची माझी तयारी नव्हती. आदल्या संध्याकाळी पाय आपोआप उभे राहिले होते, ह्या वेळी राहिले नाहीत. त्या रात्री तरावीह, रमजानातली रात्रीची नमाज, सुरू झाली, मागची ओळ भरलेली होती, त्यात चाचा नव्हता. पुढच्या जुम्म्याला नव्हता. त्यानंतरच्याही नव्हता. रमजानच्या शेवटीही ढगच होते, आम्ही तीस पुरे केले. म्हणजे त्यानं मोशीला खरोखर चांद पाहिला होता, की ढगाच्या कडेला फसला होता, हे कधी कुणाला कळलंच नाही. पुण्यातही त्या रात्री चांद मानला नव्हता. माझे एक मित्र मला दिलासा द्यायला म्हणायचे, “अरे, तो चुकला असेल, तू बरोबर असशील.” असेन. नियमाच्या पुस्तकात मी बरोबरच आहे. पण चांद होता की नव्हता, ह्यानं माझ्या वागण्यात काय फरक पडतो? चपलांजवळ उभा राहणारा माणूस चार पावलं पुढं आला होता आणि मी त्याला सगळ्यांदेखत पुन्हा दाराबाहेर केलं, ते तर दोन्हीकडून तसंच राहतं.

ईदला मी ईदगाहवर त्याला शोधलं. कुणी म्हणालं चाकणला गेला, कुणी म्हणालं कुठं जातोय तो नमाजला.  पुढं त्यानं चिंचवडची खोली सोडली.

आमच्यात एक गोष्ट पक्की आहे, आणि ती मी पुस्तकात नव्हे, लहानपणी आईकडून शिकलो. अल्लाचं चुकलं तर अल्ला माफ करील, पण माणसाचं चुकलं तर त्या माणसालाच विचारावं लागतं. माझी माफी दुसरीकडे कुठं मिळणारच नव्हती. मी कितीही नमाज पढलो, रोजे धरले, तरी ती ह्या डिझेलच्या वासाच्या माणसाकडे अडकलेली होती. दोन-तीन वर्षं मी उद्या जाऊ, परवा जाऊ करत होतो. शेवटी तो दापोडीला राहतो असं कळलं तेव्हा एका रविवारी गेलो.

रेल्वेच्या फाटकाजवळची चाळ. तो दाराबाहेर बाजेवर बसून कांदा चिरत होता, एकटा. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं.

“या बीए. चहा?”

मी उभ्यानंच म्हणालो, “चाचा, त्या संध्याकाळचं माफ करा. मी बोलायला नको होतं.”

त्यानं मान वर केली नाही. सुरी चालत राहिली. “केलं.”

“मनापासून?”

तेव्हा त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण समोर कांदा होता. “केलं म्हनलं न्हवं,” तो म्हणाला. “आता काय छाती उघडून दावू का तुला?”

मी चहा घेऊन परतलो. त्यानं खरंच माफ केलं, की दारात आलेल्या माणसाला वाटेला लावलं, मला माहीत नाही, आणि ते कळायला कुठला मार्गही नाही. माझ्याजवळ आहे तो फक्त त्या माणसाचा शब्द. तोही एकट्याचा, दुसरा साक्षीदार नाही. तो धरून राहण्यावाचून मला गत नाही.